कर्ज सरकारचं, बिल डोसेवाल्या काकांना

मी कॅलिफोर्नियात फ्रीमॉंटला एका सीपीएकडे (म्हणजे इथल्या सीएकडे) पेरोल, म्हणजे पगार आणि त्यावरचे टॅक्स बघते. जानेवारीत नुसती मारामारी असते, सगळे फॉर्म 31 च्या आत. 2025 च्या जानेवारीत एक रेस्टॉरंटवाले काका फॉर्म 940, म्हणजे मालकाने भरायच्या फेडरल बेरोजगारी टॅक्सच्या (फ्युटा) वार्षिक फॉर्मचा प्रिंट घेऊन थेट ऑफिसातच आले, सोबत त्यांचा किचन मॅनेजर. वर्षभरापूर्वीच टेक्सासहून येऊन त्यांनी इथलं चालतं रेस्टॉरंट घेतलं होतं.

"अगं, तिकडे फ्युटा माणशी 42 डॉलर भरायचो, इथे 105? दोनदा लावलास की काय?"

म्हटलं काका, बसा आधी. कोविडमध्ये कॅलिफोर्नियाचा बेरोजगार भत्त्याचा फंड आटला, राज्याने फेडरल सरकारकडून उचल घेतली, ती अजून जवळपास 20 बिलियन बाकी आहे, आणि राज्य वेळेत फेडत नसलं की फेडरल टॅक्सवरची सूट दरवर्षी 0.3 टक्क्याने कापतात आणि वसुली होते मालकांकडून. 2022 पासून कापतायत, म्हणजे आता 0.9. पगाराच्या पहिल्या 7000 डॉलरवर 63 डॉलर माणशी, तुमची 30 माणसं, 1890 जास्तीचे. आणि हे सगळं शेवटच्या क्वार्टरमध्ये धरतात म्हणून वर्षभर पत्ता लागत नाही.

काकांचा चेहरा बघण्यासारखा. "2020 मध्ये मी इथे नव्हतोच गं! मी कुणाला घरी बसवलं?"

तेवढ्यात तो मॅनेजर हळूच म्हणतो, मला मिळायचे तेव्हा, आठवड्याला 450 आणि वर 600. मी म्हटलं 600 केंद्राचे होते, उधारी झाली ती तुझ्या 450 ची. काका त्याच्याकडे बघतच राहिले, मग तिघंही हसलो.

खरं सांगायचं तर हे होणारच होतं. मालकांकडून राज्य जो टॅक्स घेतं तो पगाराच्या पहिल्या 7000 वरच, मिनिमम वेजवाला तीन महिन्यांत ते पार करतो, मग फंडात जमणार किती? आणि फेडरल कायद्यात याच्या खाली जायला जागाच नाही. 2008 च्या मंदीतलं असलंच कर्ज 2018 ला फिटलं, दोन वर्षांत पुन्हा कोविड! व्याज तेवढं राज्याला आपल्या तिजोरीतून द्यावं लागतं, मुद्दल मालकांच्या माथी.

"पुढच्या वर्षी किती?" काकांनी जाताना विचारलं.

"राज्याने 10 नोव्हेंबरपर्यंत फेडलं नाही तर जास्तीचे 84, नेहमीचे 42 वेगळे."

"म्हणजे 126. मसाला डोसा एक डॉलरने वाढवतो," म्हणाले आणि चेकबुक काढलं. म्हटलं काका, चेक नको, हे ऑनलाइनच भरावं लागतं.