४८ बटणांचा कीबोर्ड: वायरिंग पूर्ण, आता ‘ड’चा प्रश्न

काल रात्री चौथी रो जोडून झाली आणि ४८ च्या ४८ बटणांनी अक्षर उमटवलं. ४ रो, १२ कॉलम, सगळं हातानं वायरिंग.

मागच्या नोंदीत झिरो पीसीबीवर (आधीच भोकं पाडलेला साधा बोर्ड) स्विच, म्हणजे प्रत्येक बटणाखालचा भाग, बसवणार असं लिहिलं होतं. ते सोडून दिलं. माझे दोन रविवार त्यात गेले, म्हणून कारण नीट सांगतो. त्या बोर्डाची भोकं २.५४ मिमी अंतरावर असतात आणि दोन स्विचमधलं अंतर १९.०५ मिमी, म्हणजे साडेसात भोकं. एकाआड एक स्विच अर्ध्या भोकावर येतो. मी घेतलेल्या एमएक्स प्रकारच्या स्विचच्या दोन पायांतलं आडवं अंतरही ६.३५ मिमी, तिथंही अडीचच. पाय वाकवून बघितले, त्यात तीन स्विच गेले.

मग प्लेट, म्हणजे स्विच अडकवून धरणारी पाटी. घरात ३ मिमी ॲक्रिलिक पडलं होतं, ते कापून घेतलं. पण स्विचच्या कडेच्या खाचा १.५ मिमी जाडीसाठी असतात. स्विच अडकेनात, बटणाची कॅप ओढली की अख्खा स्विच हातात. शेवटी भोसरीत एका लेझरवाल्याकडून १.५ मिमी स्टीलमध्ये १४ मिमीची चौकोनी भोकं पाडून आणली. आता स्विच ‘टक’ करून बसतो. पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा.

डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा छोटा भाग, प्रत्येक बटणाला एक) पुण्याच्या तपकीर गल्लीतून. दुकानातल्या काकांनी विचारलं, “किती बटणं?” आकडा ऐकून म्हणाले, “मग सुटे कशाला, शंभरचं पाकीट न्या. चुकणार आहातच.” चुकलोच. तिसऱ्या रोचे बाराही डायोड (१एन४१४८) उलटे लावले होते. फर्मवेअरमध्ये, म्हणजे कीबोर्ड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, डायोडची दिशा रो-कॉलमच्या सगळ्या जाळीला एकच सांगावी लागते, त्यामुळे बाराही काढून परत डाग दिले. डायोडची काळी पट्टी रोच्या बाजूला, हे भिंतीवर लिहून ठेवा. डायोड गाळायचा मोह मात्र नको. रो-कॉलमच्या चौकोनातली तीन टोकांची बटणं एकदम दाबली की चौथं न दाबताच उमटतं.

कंट्रोलर, म्हणजे बटणं वाचून संगणकाला कळवणारा छोटा बोर्ड, रास्पबेरी पाय पिको. २०२१ च्या जानेवारीत तो ४ डॉलरला आला, आणि २६ पिनांतल्या १६ (४ रो, १२ कॉलम) मला पुरल्या. बाजारात वीस-पंचवीस हजारांचे कीबोर्ड बघतो तेव्हा आता कळतं, पैसा ॲल्युमिनियमच्या केसला आणि थोड्याच नगांच्या उत्पादनाला जातो. बटण दाबल्यावर आत जे घडतं ते माझ्या टेबलावरही तेच आहे.

खरी अडचण इनस्क्रिप्टची, म्हणजे देवनागरी टायपिंगच्या प्रमाण मांडणीची. च आणि ट मधल्या रोमध्ये मावतात, पण ड असतो चौकटी कंसाच्या ([) बटणावर, आणि १२ कॉलममध्ये ते बटणच नाही. ड शिवाय मराठी कशी लिहायची? म्हणून वरच्या उजव्या कोपऱ्यातला बॅकस्पेस खाली स्पेसशेजारी आणला आणि त्या कोपऱ्यात ड दिला. शिफ्टबरोबर ढ आपोआप आला. ऱ्य आणि ऱ्ह साठी एक बटण ठेवलंय, ते शिफ्ट-जे (ऱ) आणि डी (हलन्त) एका दमात पाठवतं. आईनं ‘दऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ लिहून बघितलं, दोन्ही पहिल्याच फटक्यात बरोबर आले.

ृ अजून दुसऱ्या लेयरमध्ये आहे, म्हणजे आधी दुसरं बटण दाबून धरावं लागतं. ‘कृपया’ लिहिताना बोट अडतं. त्याची जागा या शनिवारी बदलतो.