त्या दाईचं पुढे काय झालं?

आमच्या चिमणीला वाटीभर पेज भरवायला पाऊण तास लागायचा. आधी तिला खुर्चीत ताठ बसवायचं, कमरेला पट्टा, मानेमागे घडी घातलेला टॉवेल. चमचा समोरून आणि खालून न्यायचा, वरून नाही, कारण वरून नेला की मान मागे जाते आणि घास श्वासनलिकेत जातो. मग म्हणायचं, "हनुवटी खाली, बाळा." ती गिळायची. लगेच पुढचा घास द्यायचा नाही. गळ्यावर दोन बोटं ठेवून ती परत एकदा गिळते का ते बघायचं. जेवण झालं की अर्धा तास तसंच ताठ बसवून ठेवायचं. तेरा वर्षांत रात्रीचं जेवण बहुतेक मीच भरवलं. सकाळचं तिची मम्मी भरवायची, कारण मला साडेनऊला शाळा गाठायची असे. मी नगर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे.

चिमणी हे तिचं घरातलं नाव. तिचा जन्म २००९ चा. जन्मल्यावर ती रडली नाही. सातव्या महिन्यापर्यंत मान धरली नाही तेव्हा डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी सांगितलं. दुसऱ्या वर्षी आकड्या सुरू झाल्या. ती बोलली नाही, चालली नाही. पण आंबा ओळखायची. आमरसाचा वास आला की दोन्ही हात वर जायचे आणि तोंडातून एक लांब आवाज निघायचा. आमच्या घरातलं सगळ्यात आनंदाचं गाणं तेच होतं.

आम्ही ख्रिस्ती आहोत, चौथ्या पिढीचे. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं, आणि त्या कामातून उभ्या राहिलेल्या मंडळ्यांपैकी, म्हणजे चर्चपैकी, एक आमची. घरी संध्याकाळची प्रार्थना चुकत नसे. चिमणीचा बाप्तिस्मा झाला, पण दृढीकरण, म्हणजे स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करण्याचा विधी, होणार कसा? प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत, कबुली देता येत नाही. म्हणून प्रभुभोजन, म्हणजे चर्चमध्ये देतात ती भाकर आणि द्राक्षारस, तिला मिळत नव्हतं. नवे पाळकसाहेब आले आणि त्यांनी एका रविवारी न विचारता, न सांगता द्राक्षारसात बोट बुडवून तिच्या जिभेला लावलं. तिनं आमरसासारखाच आवाज काढला. पुढच्या बाकावरच्या आत्याबाई वळून बघायला लागल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

तिला बरं करण्यासाठी आम्ही काय केलं नाही? माझी आई तिला हरेगावच्या मतमाऊलीच्या, म्हणजे येशूची आई मरिया हिच्या, यात्रेला घेऊन गेली, नवस बोलली. ही यात्रा कॅथलिकांची, आम्ही प्रॉटेस्टंट, म्हणून मी घरात कुरकुर केली होती. आता तिनं तिथं लावलेल्या त्या मेणबत्तीबद्दल मी तिचा ऋणी आहे. तिनं पोरीला गर्दीत कडेवर घेऊन दाखवली, लपवली नाही. उलट एका उपवास-प्रार्थनेच्या सभेत बाहेरून आलेल्या प्रचारकानं चिमणीला काखेत धरून उभं केलं आणि "उठ आणि चाल" म्हणून ओरडत राहिला. तिचा खुबा निसटलेला होता. ती किंचाळली. रात्री दोन आकड्या आल्या. तो आम्हाला म्हणाला, घरात कुठंतरी लपलेलं पाप आहे, ते कबूल करा. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला नेमकं हेच विचारलं होतं, पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? योहानाच्या नवव्या अध्यायात आहे ते. येशू म्हणाला, यानंही नाही आणि आईबापांनीही नाही. त्या रात्री हे उत्तर मी उराशी धरून झोपलो. तेव्हा ते पुरलं.

पुढे पुरलं नाही, कारण पुढे खरंच माझ्या हातून काहीतरी झालं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

२०१९ मध्ये पुण्यात तिची गिळण्याची तपासणी झाली. पेजेत बेरियम, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, कालवून भरवतात आणि घास खाली उतरताना एक्स-रेचं चालतं चित्र पडद्यावर दिसतं. आम्ही बघितलं. घास गळ्यात गेला, आणि एक बारीक रेघ अन्ननलिका सोडून फुप्फुसाच्या वाटेला लागली. चिमणीला ठसका लागलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हेच धोक्याचं. अन्न चुकीच्या वाटेनं जातंय आणि शरीर खोकून सांगतही नाही. त्यांनी पोटातून थेट नळी बसवायचा सल्ला दिला. चिमणीची मम्मी म्हणाली, बसवूया. मी नाही म्हणालो. पेज घट्ट करू, घास लहान करू, वेळ जास्त देऊ, पण तिचं खाणं काढून घ्यायचं नाही. तिच्याकडे दुसरं काय होतं? डॉक्टरांनी जबरदस्ती केली नाही. त्यानंतर दोनदा न्यूमोनिया झाला, दोन्ही वेळा ती घरी परत आली. ऑगस्ट २०२२ मध्ये तिसऱ्यांदा झाला. पाच दिवस ऑक्सिजनवर होती. गुरुवारी पहाटे गेली.

शवपेटी करणाऱ्या मिस्त्रींना मी माप सांगत होतो आणि मध्येच थांबलो. तिचे गुडघे सरळ होत नव्हते, कधीच झाले नव्हते. पेटी लांबीला कमी आणि खोलीला जास्त लागणार होती. हे शब्दांत सांगणं मला जमेना. मिस्त्री म्हणाले, "सर, मी पाहिलंय तिला. चार बोटं फळी वाढवतो." बस्स, एवढंच. त्या दिवसात कुणी माझ्यासाठी केलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट.

आमच्यात दफन त्याच दिवशी होतं. शाळेतले सहकारी भेटायला आले, त्यांतल्या एकानं विचारलं, "तुमच्यात दहाव्याला काय असतं?" मी म्हणालो, काही नसतं. त्यांच्यात कावळा पिंडाला शिवतो, किंवा शिवत नाही. शिवला नाही तर माणसं हात जोडून गेलेल्याला वचन देतात, तुझं राहिलेलं आम्ही बघू. मला त्यांचा फार हेवा वाटला. मलाही कुणीतरी येऊन सांगायला हवं होतं की तिचं काही राहिलं नाही, तिचा राग नाही.

लोक बोलले ते प्रेमानंच बोलले. सुटली बिचारी. तुम्हीही सुटलात. आता स्वर्गात पळत असेल. हे शेवटचं वाक्य मला सहन होत नव्हतं. मला पळणारी मुलगी माहीतच नाही. तिथं गेल्यावर मी तिला ओळखणार कसा?

सक्शन मशीन आणि नेब्युलायझर आम्ही गरज असलेल्या एका घरी देऊन टाकलं. खुर्ची दिली नाही. चमचाही नाही.

मी चर्चला जाणं सोडलं नाही, तसं घरात कुणी सोडलेलं नाही. पण शेवटच्या बाकावर बसायला लागलो, जिथं तिची खुर्ची लावायचो तिथं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. त्याआधी पौलाचं करिंथकरांस लिहिलेलं पत्र वाचतात, अकरावा अध्याय: जो अयोग्य रीतीनं ही भाकर खातो तो स्वतःवर न्यायदंड ओढवून घेतो, म्हणून प्रत्येकानं स्वतःची परीक्षा करावी. लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलेलं. आता मात्र ते वाचन सुरू झालं की घसा आवळायचा. खाणं आणि दंड एकाच ओळीत. मी पोरीला खायला घालून मारलं, आणि आता मी खाणार? ताट आलं की मी शेजाऱ्याकडे सरकवायचो. अकरा महिने.

घरी प्रार्थना बंद झाली. ठरवून केली नाही, आपोआपच थांबली. स्तोत्रसंहिता तेवढी उघडायचो, आणि तीसुद्धा ८८ वं स्तोत्र. बाकीच्या रडणाऱ्या स्तोत्रांत शेवटाला बहुधा देवाची स्तुती येते. यात येत नाही, ते अंधारातच संपतं. असलं एक स्तोत्र कुणी पुसून टाकलं नाही, शास्त्रात राहू दिलं, याचा मला त्या दिवसांत आधार होता.

एका रात्री दोनच्या सुमारास मी स्वयंपाकघरात उभा होतो. तिला कूस बदलवायची ती वेळ, शरीर अजून जागं व्हायचं. हातात तिचा चमचा होता. चिमणीची मम्मी मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दवाखान्यात नेलं त्या सकाळची पेज मी भरवली होती. तुम्ही नाही. मला घाई होती. दोनदा गिळायची मी वाट बघितली नाही." नऊ महिने आम्ही एकाच घरात, एकाच अंथरुणाशेजारी, आपापला गुन्हा लपवून झोपत होतो. ती सकाळ मी मोजलीच नव्हती, मी २०१९ मोजत होतो.

आम्ही दोघं तिच्या डॉक्टरांकडे गेलो आणि सरळ विचारलं. त्यांनी खोटा धीर दिला नाही. म्हणाले, नळी असती तरी तोंडातली लाळ फुप्फुसात जातच असते, पोटातलंही वर येतं. नळीनं काही धोका कमी होतो, सगळा नाही. कोणत्या घासानं झालं, की घासानं झालंच नाही, हे कुणालाही सांगता येणार नाही. मी निर्दोष म्हणून बाहेर पडलो नाही. पण चिमणीची मम्मी त्या रात्री बऱ्याच दिवसांनी सलग झोपली.

आणि मग ती संडे स्कूलची गोष्ट. मी मधल्या वर्गाला शिकवतो. त्या रविवारचा धडा होता मफीबोशेथ. योनाथानाचा मुलगा, शौल राजाचा नातू. तो पाच वर्षांचा असताना शौल आणि योनाथान लढाईत मेल्याची बातमी आली. दाई त्याला उचलून पळाली, घाईत तो पडला आणि दोन्ही पायांनी लंगडा झाला. पुढे दावीद राजानं त्याला शोधून आणलं आणि कायमचं आपल्या पंक्तीला बसवलं. मी दावीदाच्या दयेवर बोलत होतो, धडा तसाच छापलेला होता. चौथीतला एक मुलगा म्हणाला, "सर, त्या बाईचं पुढे काय झालं? जिच्या हातून पडला ती. तिला मारलं का?"

मला उत्तर देता आलं नाही. मी मुलांना चित्र रंगवायला दिलं.

घरी येऊन शमुवेलाचं दुसरं पुस्तक काढलं. दाई चौथ्या अध्यायात येते, एकाच वचनात, आणि परत कुठंच येत नाही. तिचं नाव नाही. तिला शिक्षा झाली असं लिहिलेलं नाही, क्षमा झाली असंही नाही. शास्त्र तिच्याबद्दल इतकंच सांगतं की ती त्याला घेऊन पळत होती. तो पडला तो तिच्या हातून, आणि जगला तोही तिच्याच हातून, असं मला वाटतं. मी त्या वचनावर बोट ठेवून किती वेळ बसलो होतो कुणास ठाऊक. मग नवव्या अध्यायाचा शेवट वाचला. मफीबोशेथ राजाच्या पंक्तीला नित्य जेवत असे, आणि लगेच पुढे, तो दोन्ही पायांनी लंगडा होता. राजवाड्यात राहूनही लंगडाच. पाय सरळ झाल्यावर बसवला नाही, आहे तसा बसवला. चिमणीला त्या पंक्तीत मी ओळखेन. गुडघे वाकलेले असतील, आणि आमरस असेल.

आमच्यात गेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. त्या दिवशी मी त्या दाईसाठी केली. अकरा महिन्यांतली माझी पहिली प्रार्थना.

पाळकसाहेबांना मी सगळं सांगितलं, नळीचं, पेजेचं, घसा आवळतो त्याचं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सर, करिंथचा तो अध्याय नुसता शेवट धरून वाचू नका, आधीची वचनं बघा. तिथं श्रीमंत लोक आधी येऊन पोटभर खात आणि गरीब उपाशी राहत. पौल त्यावर चिडलाय. दुसऱ्याला उपाशी ठेवणाऱ्यावर. तुम्ही तर पाऊण तास बसून भरवत होता." इतकी वर्षं ते वाचन मी ऐकत आलो, आणि ही वचनं माझ्या कानाआडच राहिली होती.

जुलै २०२३ च्या पहिल्या रविवारी ताट आलं तेव्हा मी भाकरीचा तुकडा उचलला. चिमणीच्या मम्मीनं माझा दंड धरला होता. मी हनुवटी खाली घेतली, नकळत. गिळलं. मग परत एकदा गिळलं.

सगळं मिटलं असं नाही. ऑगस्ट आला की अजून मी ८८ वंच काढतो, आणि नळीला मी नाही म्हणालो ते बरोबर की चूक हे देवाला विचारतो. उत्तर आलेलं नाही.

गेल्या वर्षी पाळकसाहेबांचा फोन आला. मंडळीतले एक म्हातारे बाबा, पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेले. घरी प्रभुभोजन द्यायचं होतं, पण प्रत्येक वेळी त्यांना ठसका लागायचा आणि घरचे घाबरायचे. "तुम्ही येता का?" मी चमचा घेऊन गेलो. बाबांना उशांवर ताठ बसवलं, मानेमागे टॉवेल लावला. भाकरीचा कण द्राक्षारसात भिजवून मऊ केला. पाळकसाहेबांनी शब्द म्हटले आणि चमचा माझ्या हातात दिला.

"हनुवटी खाली, बाबा."

त्यांनी गिळलं. मी गळ्यावर दोन बोटं ठेवून थांबलो. त्यांनी परत एकदा गिळलं. मग अर्धा तास मी त्यांना खांद्याशी टेकवून तसाच बसलो, आणि चिमणीची मम्मी दाराशी उभी राहून घड्याळ बघत होती.