बारशाआधी नाव मागणारी खिडकी

माझी नात वडोदऱ्यातील एका खाजगी रुग्णालयात ३१ व्या आठवड्यात जन्मली. बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून प्रसूतीपूर्वी सूनबाईला स्टेरॉइडची इंजेक्शने मिळाली होती, तरीही बाळ कण्हत श्वास घेत होते आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात होता. फुप्फुसांतील वायुकोश मिटू न देणारे सर्फॅक्टंट इतक्या लवकर आलेल्या बाळांत पुरेसे तयार झालेले नसते, म्हणून डॉक्टरांनी लगेच बबल सीपॅप, म्हणजे नाकावाटे सतत हवेचा दाब देणारे साधन, लावले. नाकातील लहान नळ्यांतून उबदार, दमट हवा व प्राणवायू जातो आणि बाहेर येणारी नळी पाण्यात जितकी सेंटीमीटर बुडवावी तितका दाब फुप्फुसांत टिकतो; आमच्याकडे ती ६ सेंटीमीटर होती. तरी प्राणवायूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या वर न्यावे लागले, तेव्हा सर्फॅक्टंट द्यायचे ठरले. ते जितके लवकर तितके चांगले, म्हणून मुलाने संमतिपत्रावर सही करून अनामत भरली आणि औषध दिले गेले.

अडले ते विम्याच्या खिडकीवर. सूनबाईच्या कंपनीच्या सामूहिक विम्यात बाळ पहिल्या दिवसापासून समाविष्ट होते, परंतु खिडकीवरील गृहस्थांना बाळाचे नाव असलेला जन्मदाखला हवा होता. ज्या बाळाचे बारसेही झालेले नाही, त्याचे नाव कुठून आणायचे, असे विचारल्यावर त्यांनी संगणकातील रिकामी चौकट दाखवली. मंजुरी अडकल्याने अतिदक्षता विभागाची देयके आमच्याकडून भरून घेतली जात होती, आणि मी खिडकीपासून त्या विभागाच्या दारापर्यंत फेऱ्या घालत होतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार नावाशिवायही जन्मनोंद होते आणि नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येते, हे मी त्यांना वाचून दाखवले. त्यावर ‘वरून विचारावे लागेल’ एवढेच उत्तर मिळाले. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला एक उपाय ठाऊक होता: ‘तुमचा नकार लेखी द्या.’ लेखी द्यायची वेळ येताच त्याच चौकटीत ‘बेबी ऑफ’ आणि आईचे नाव बसले. बाळाच्या मनगटावरील पट्टीवर पहिल्या तासापासून तेच तर लिहिलेले होते! तेव्हा अशा प्रसंगी त्या पट्टीचे छायाचित्र, डॉक्टरांची टिपणे आणि रुग्णालयाने दिलेले जन्माचे पत्र यांच्या प्रती आधीच काढून ठेवाव्यात, आणि खिडकीवर एकाच माणसाने जावे, म्हणजे आई-बापांना बाळाजवळ थांबता येते.

आणखी एक सांगायचे राहिले. सीपॅपच्या नळ्यांनी नाकाची नाजूक त्वचा सोलवटू शकते. परिचारिका ती वारंवार तपासत होत्या, तरी नाक लालसर दिसल्यास घरच्यांनी विचारण्यात संकोच करू नये. तसेच ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर चार आठवड्यांच्या सुमारास तपासावा लागतो, अगदी लहान बाळांत त्याहूनही आधी. ती तारीख घरी सोडतानाच्या कागदावर लिहून घ्यावी. आमच्या कागदावर ती मागितल्यावरच आली.