मेसिए यादीतले २९ गोलाकार तारकागुच्छ: २७ झाले, दोन बाकी

एम ५४, म्हणजे फ्रेंच निरीक्षक मेसिए यांच्या आकाशातल्या धूसर ठिपक्यांच्या यादीतला ५४वा, अखेर वहीत आला. गोलाकार तारकागुच्छ म्हणजे असंख्य ताऱ्यांचा गच्च गोळा; या यादीतले असे सगळे बघून रेखाटायचे, हा माझा उपक्रम. आता एम ३० आणि एम ७२ एवढेच राहिले. दुर्बीण तीच, १० इंची डॉब्सोनियन (साध्या लाकडी बैठकीवरची आरशाची दुर्बीण), जास्त करून १० मिमीची नेत्रिका (डोळा लावायचं भिंग), म्हणजे साधारण १२५ पट.

हा उपक्रम सुरू केला तो अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हार्लो शॅपली यांच्या १९१८च्या कामामुळे. माउंट विल्सन वेधशाळेच्या ६० इंची दुर्बिणीतून त्यांनी गुच्छांमधले रूपविकारी (तेज कमी-जास्त होणारे) तारे मोजले, त्यावरून अंतरं काढली आणि ६९ गुच्छ अवकाशात मांडले. ते सूर्याभोवती सारखे पसरलेले निघाले नाहीत. सगळी गर्दी धनु राशीच्या दिशेला. हे गुच्छ आकाशगंगेच्या केंद्राभोवती पसरलेले असतात, म्हणून केंद्र तिकडे आहे आणि आपण एका बाजूला आहोत, हे त्यातून कळलं.

मला तेच डोळ्यांनी पाहायचं होतं. म्हणून प्रत्येक गुच्छ आधी दुर्बिणीतून बघायचा, रेखाटायचा आणि मगच आलेख कागदावर टिंब द्यायचं. अंतरं आजच्या यादीतली घेतली, कारण ती मोजणं माझ्या हातात नाही. सूर्य पानाच्या मधोमध, १ सेंमी म्हणजे ५,००० प्रकाशवर्षं.

पहिल्या दहा टिंबांत काही दिसत नव्हतं. भुजंगधारी हा तारकासमूह सुरू झाला आणि चित्र पालटलं. एकट्या भुजंगधारीत सात, धनुत सात, वृश्चिकेत दोन. २९ पैकी १६ आकाशाच्या त्या एवढ्याशा तुकड्यात! उलट्या बाजूला, मृगाच्या पायाशी असलेल्या शशकात, एम ७९ एकटा. त्याचं टिंब पानाच्या खालच्या अर्ध्यात असं एकाकी पडलंय की शॅपलींचा मुद्दा समजायला दुसरं काही लागू नये. त्यांनी केंद्र मात्र जवळजवळ दुप्पट लांब धरलं होतं. आज ते सुमारे २६,००० प्रकाशवर्षं मानतात, माझ्या पानावर सूर्यापासून पाच सेंमीच्या थोडं पुढे. ताऱ्यांमधली धूळ प्रकाश अडवते हे तेव्हा हिशेबात नव्हतं. ते खगोलशास्त्रज्ञ ट्रम्पलर यांनी १९३०मध्ये दाखवलं, आणि तेही तारकागुच्छांवरूनच, फक्त खुल्या, म्हणजे विरळ, गोल नसलेल्या.

आता एम ५४. धनुतल्या ठळक ताऱ्यांचा आकार किटलीसारखा दिसतो; तिच्या तळाशी एम ६९, एम ७० आणि एम ५४ जवळजवळ एका ओळीत आहेत. पहिल्या रात्री मी एम ७०लाच एम ५४ समजून रेखाटलं. आठवड्याने चित्र ताडून बघताना कडेला चिकटलेली बारीक ताऱ्यांची ओळ खटकली. ती एम ७०ची खूण. शोधणाऱ्यांनी किटलीच्या तळाच्या दोन टोकांच्या ताऱ्यांपैकी झीटापासून सुरुवात करावी, एप्सिलॉनकडून येऊ नये.

दिसायला एम ५४ म्हणजे छोटा गोल कापूस, मध्ये एकदम उजळ गाभा. एम २२ शेजारच्याच भागात, पण त्यात १२५ पटीला दाणे, म्हणजे एकेक तारे, अगदी मोकळे होतात. इथे ६ मिमी लावली, तिरक्या नजरेने वीस मिनिटं पाहिलं, एक दाणाही सुटा झाला नाही. कारण अंतर: सुमारे ८७,००० प्रकाशवर्षं. टिंब द्यायला गेलो तर ते पानाबाहेर! वर दुसरा कागद चिकटवावा लागला.

आणि तो कागद चिकटवणं योग्यच होतं. १९९४मध्ये धनु बटू दीर्घिका (आपल्या आकाशगंगेजवळची एक छोटी दीर्घिका) सापडली आणि एम ५४ तिच्या गाभ्याशी असल्याचं कळलं. मेसिएने १७७८मध्ये तो नोंदवला तेव्हा दुसऱ्या दीर्घिकेतला गुच्छ आपण पाहतोय याची कुणालाच कल्पना नव्हती. त्या रात्री मी नेत्रिकेपासून उठूच शकलो नाही.

पुढचं लक्ष्य जी१, देवयानी दीर्घिकेचा गोलाकार गुच्छ, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर. तेजस्विता १३.७च्या आसपास (आकडा मोठा तितका ठिपका मंद), दोन्ही बाजूंना आपल्याच आकाशगंगेतले दोन मंद तारे. शोध-नकाशा काढून ठेवलाय. १० इंचीतून कुणी पाहिला असेल तर किती पट वापरलंत ते सांगा.