बुधवारचा दहीभात

बुधवार, रात्री साडेदहा

कुकर चढवल्यापासून पान वाढेपर्यंत चाळीस मिनिटं, आणि त्यात हात गुंततात ते फार तर दहा. लोकलमधून उतरून घरी पोचायला आठ वाजत असतील, तर कोरड्या भाजीच्या जोडीला दहीभातासारखी सोय नाही. तरी तो बऱ्याचदा गोळा झालेला नाहीतर पाणी सुटलेला पानात पडतो. भात घट्ट वाटला की आणखी दही ओतलं जातं, तिथे बिघडतं. दह्याने तो आंबट होतो, मऊ होत नाही. मऊपणा तांदळाचा आणि दुधाचा. दही चवीला, तेही अगदी शेवटी.

बासमती इथे नकोच. त्याच्या स्टार्चमध्ये अ‍ॅमिलोज, म्हणजे न चिकटणारा भाग जास्त, म्हणून शितं सुटी राहतात आणि घोटून एकजीव होत नाहीत. आंबेमोहर आणि आयआर-८ या तांदळाच्या दोन जातींच्या संकरातून आलेला इंद्रायणी या कामाला सगळ्यात चांगला, चिकट आणि वासाचा. खुद्द आंबेमोहर असेल तर फारच छान, पण रोजच्यासाठी तो महाग पडतो. पालघरकडचा वाडा कोलम मुंबईत सहज मिळतो. तो कमी चिकट, त्याला अर्धी वाटी पाणी जास्त लागतं.

तिघांना पानात थोडा थोडा येईल असं प्रमाण: १ वाटी इंद्रायणी, ३ वाट्या पाणी. मध्यम आचेवर ३ शिट्ट्या, मग बारीक गॅसवर ५ मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्यायची. घाईने शिटी उचलून वाफ काढली तर पेज उसळून बाहेर येते आणि भातही मुरत नाही.

झाकण उघडल्या उघडल्या भात घोटायचा. सगळा दहीभात या दोन मिनिटांत ठरतो. गरम शीत डावाच्या पाठीने सहज फुटतं आणि त्यातला स्टार्च बाहेर येऊन दुधाला दाटपणा देतो. गार झालेलं शीत कडक होतं, मग कितीही रगडलं तरी गुठळ्याच राहतात. घोटतानाच पाऊण वाटी कोमट दूध थोडं थोडं घालायचं. फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो, ते पुरतं. टोन्ड दुधात ३ टक्केच, मग चमचाभर साय किंवा लोणी हवं. साय कधीही सरस, लोण्याचे भात निवल्यावर कण होतात.

आता परातीत पसरून पंख्याखाली १० मिनिटं. बोट खुपसलं तर आत जेमतेम कोमट लागलं पाहिजे. वाफाळत्या भातात दही घातलं की आंबटपणा आणि उष्णता मिळून दूध फाटतं, पांढरे कण दिसतात, तळाशी पाणी जमतं. मग काही करता येत नाही. निवलेल्या भातात १ वाटी फेटलेलं दही आणि बेताने मीठ. मीठ या टप्प्यावरच चाखून घालावं, कारण गरम आणि गार भाताची चव वेगळी लागते. मिश्रण हवं त्याहून थोडं सैल ठेवायचं. पंधरा मिनिटांत भात ते पिऊन दाटतो. फारच आळला तर दुधाने सैल करावा, पाण्याने चव पातळ होते.

दह्याचं मुंबईत जपावं लागतं. इथल्या दमट उकाड्यात रात्री विरजलेलं दही सकाळी लागलेलं असतं. ते तेव्हाच फ्रिजमध्ये गेलं नाही तर संध्याकाळपर्यंत दात आंबतात.

फोडणी: २ चमचे तूप, अर्धा चमचा जिरं, चिमूटभर हिंग, ६-७ कढीपत्त्याची पानं, किसलेलं आलं आणि २ सांडगी मिरच्या. मिरच्या आधी मंद आचेवर काळपट होईपर्यंत तळून बाजूला काढाव्यात आणि वाढताना वरून चुराव्यात. आधीच मिसळल्या तर मऊ पडतात, शिवाय त्यांच्यात मीठ असतं. कढलं मिनिटभर निवू देऊन मगच फोडणी ओतायची. सोबत वांग्याचे किंवा सुरणाचे काप. ओल्या रश्श्याबरोबर मात्र हा भात जमत नाही.

फ्रिजमधला कालचा भात असेल तर काम आणखी झटपट: २ वाट्या भात, अर्धी वाटी दूध, २ चमचे पाणी, मंद गॅसवर ५ मिनिटं वाफवून गरम असतानाच घोटायचा. पुढचं सगळं तसंच. सकाळपासून ओट्यावर राहिलेला भात मात्र वापरू नये. उघड्यावर राहिलेल्या भातात वाढणाऱ्या काही जिवाणूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

उद्याच्या डब्यासाठी प्रमाण उलटं: दूध दीड वाटी, दही फक्त २ चमचे. सकाळी कोमट भातात कालवला की दुपारपर्यंत डब्यातच विरजतो आणि आंबट न होता दाट राहतो. काकडी किंवा डाळिंबाचे दाणे वेगळ्या डबीत, नाहीतर त्यांना पाणी सुटतं.