पॉटचा तिसरा पाय

चवथीच्या तयारीला माळ्यावरून माटोळीची, म्हणजे गणपतीवर फळं-भाज्या टांगायची, चौकट उतरवली, तिच्यामागे माझी १९९७ सालची जॉयस्टिक, म्हणजे गेम खेळायची काठी, निघाली. १५ पिनांच्या कनेक्टरवर हिरवं चढलेलं. फोंड्याचे इतके पावसाळे काढल्यावर दुसरं काय होणार! भाचा म्हणाला, "मामा, टाकून दे ना ही." मग तर टाकायची नाहीच, असं ठरलं.

तो कनेक्टर ज्यात बसायचा तो गेमपोर्ट आता कुठल्या कॉम्प्युटरला नसतोच. विंडोजनेही व्हिस्टापासून त्याचा आधार काढून घेतला. तेव्हा आतला भाग दुरुस्त करून अर्डुइनो लिओनार्डो या छोट्या, प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डावरून यूएसबीला जोडायचं ठरवलं. चार स्क्रू काढले तरी झाकण निघेना. पाचवा रबरी पायाखाली लपला होता. आत १०० किलोओहमचे दोन पॉट, म्हणजे फिरवले की विजेचा रोध बदलणारे तीन पायांचे भाग; काठीच्या एकेका अक्षाला एक. मल्टिमीटर लावून फिरवले तर उभ्या अक्षाचा गुळगुळीत चालला, आडव्याचा काटा मध्यावर आला की उड्या मारायचा. काठी बहुतेक वेळ मध्यावरच असते, त्यामुळे कार्बनची पट्टीही तिथेच झिजते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, पन्नासेक वेळा फिरवला. दोन दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच.

म्हापशाच्या दुकानात पॉट मागितला. दुकानदाराने विचारलं, "अ‍ॅम्प्लिफायराक?" जॉयस्टिक समजावत बसायचा कंटाळा, म्हणून हो म्हटलं. त्याने इमानदारीने व्हॉल्यूमचा पॉट दिला, ए१००के. घरी मध्यावर ठेवून मोजला तर ५०च्या जागी जेमतेम १२ किलोओहम! आवाजासाठी असाच लागतो, मला सरळ चढणारा बी१००के हवा होता. पुन्हा म्हापसा.

जुन्या तारा जिथे होत्या तिथेच सोल्डर केल्या: एका टोकाला ५ व्होल्ट, मधल्या पायाची तार बोर्डाला. रीडिंग १०२३, म्हणजे बोर्ड दाखवतो तो सगळ्यात मोठा आकडा. काठी कुठेही न्या, १०२३च्या आसपासच. बोर्ड जळला समजून डोक्याला हात लावला, सोल्डर दोनदा काढून पुन्हा केलं. रात्री दीडला लक्षात आलं, पॉटचा तिसरा पाय मोकळाच आहे. तो पहिल्यापासून मोकळाच होता. गेमपोर्ट व्होल्टेज मोजतच नसे. पॉटमधून कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) भरायला किती वेळ लागतो ते मोजायचा, त्याला दोन तारा पुरायच्या. नवा बोर्ड व्होल्टेज मोजतो, आणि तिसरा पाय ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, नसेल तर ते खाली येणार कुठून? एक तार, दोन मिनिटांचं काम.

तरी रीडिंग ३४० ते ६९० एवढंच फिरतं, कारण काठी पॉटला पूर्ण वळवतच नाही. ते प्रोग्राममध्ये ताणून पूर्ण पट्ट्याएवढं करून घेतलं.

भाच्याने काठी मागे ओढली आणि गेममधलं विमान वर जायचं सोडून नाक खाली करून समुद्रात. उभ्या अक्षाच्या पॉटची दोन टोकं मी उलटी जोडलीत. ती बदलायला पुन्हा ते पाच स्क्रू काढायला हवेत. तोवर तो विमान उलटंच चालवतोय.