जपानी येत नसताना आईला घेऊन टोकियो

तिकिटं निघाल्यापासून आईला एकच घोर: 'तिथे आपलं बोलणं कोणाला कळणार?' धाकधूक मलाही होती. शेवटी मी तिला रामकुंडाची आठवण करून दिली. देशभरातून माणसं येतात, मराठीचा गंध नसतो, तरी पूजा, धर्मशाळा, पंचवटीतली रिक्षा, सगळं पार पडतं. हे ऐकून ती जरा सैलावली.

जाऊन आल्यावर ठामपणे सांगते, भाषेवाचून मोजक्याच ठिकाणी अडतं आणि त्याची तयारी नाशिकमध्ये बसूनच करता येते.

सगळ्यात जास्त अडतं ते जेवणाला. आम्ही दोघी शाकाहारी. जपानमध्ये सूप, नूडल्सचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या, जवळपास सगळ्यात 'दाशी', म्हणजे चवीसाठी घातलेलं उकळून काढलेलं पाणी असतं आणि ते बऱ्याचदा वाळवलेल्या माशाचं. त्यामुळे नुसतं 'मांस नको' सांगून भागत नाही. मांस, मासे, माशाची दाशी खात नाही, असं जपानी लिपीत छापून कॉलेज रोडला लॅमिनेट करून घेतलं. आसाकुसाजवळच्या एका छोट्या हॉटेलात ते दाखवलं. तिथल्या काकूंनी कार्ड दोन्ही हातांत धरून सावकाश वाचलं, चुलीवरच्या पातेल्याकडे बोट केलं आणि हातांची फुली करून दाखवली. मग आत जाऊन भात, खारवलेली काकडी आणि गार टोफू आणून ठेवलं. आईने हात जोडले, त्या कमरेत वाकल्या. असं रोज जमेलच असं नाही, म्हणून थेपले आणि चिवडा भरपूर न्या. टोकियोतल्या निशी-कासाई भागात भारतीय वस्ती मोठी आहे, आपल्याकडचं जेवण तिथे मिळतं.

मेट्रोची भीती तर काढूनच टाका. प्रत्येक स्टेशनला अक्षर आणि आकडा असतो. गिंझा लाइनवर शिबुया जी-01, आसाकुसा जी-19. नावं पाठ करण्यापेक्षा आकडे बघा. नंतर नंतर आईच मला सांगायची, 'अजून तीन स्टेशनं आहेत गं!'

गूगल ट्रान्सलेटमध्ये जपानी भाषा घरच्या वायफायवर उतरवून ठेवा, म्हणजे नेट नसतानाही चालते. वाक्यं छोटी ठेवा. पाट्या आणि पाकिटांवरचा मजकूर कॅमेऱ्याने वाचता येतो. हॉटेलचा जपानी पत्ता असलेलं कार्ड प्रत्येकाच्या खिशात हवं, फक्त तुमच्या नाही.

आईवडील सोबत असतील तर आजार आणि औषधांची मूळ नावं इंग्रजीत लिहून त्यांच्या पर्समध्येच ठेवा. पोलिसांसाठी 110, रुग्णवाहिकेसाठी 119. शिवाय जपानच्या पर्यटन संस्थेची हेल्पलाइन आहे, 050-3816-2787. तिथे चोवीस तास इंग्रजीत बोलता येतं. हा नंबर मी आईच्या फोनमध्ये माझ्या नावाच्या खालीच सेव्ह करून दिला होता.